गुत्ता, भट्टी आणि आंटी

रायपूरच्या बोलीत दारूच्या अधिकृत दुकानाला ‘भट्टी’ म्हणतात. तेथे दारू गाळली जात नाही. सीलबंद बाटल्या विकल्या जातात, आणि २०१७ साली ही विक्री शासकीय महामंडळाकडे गेली. मध्य प्रांतात ब्रिटिश अमदानीत गाळणे व विकणे यांचा हक्क एकत्रच लिलावाने देण्याची पद्धत होती. तिचा अवशेष या नावात असावा.

मुंबईच्या मराठीत नेमके याच्या उलट घडले. ‘गुत्ता’ म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात ‘गुत्तेदार’ हा अजून कंत्राटदारच. सरकारकडून विक्रीचा मक्ता घेतलेले दुकान तो दारूचा गुत्ता. १९३९ च्या ऑगस्टात मुंबई शहरात आलेली दारूबंदी टिकली नाही; १९४९ च्या कायद्यान्वये मात्र एप्रिल १९५० पासून ती संपूर्ण झाली. मक्ते बुडाले, शब्द उरला, आणि तो चोरट्या अड्ड्याला चिकटला. ‘भट्टी’मागे ‘हात’ लागला व तिला काळ्या गुळाचा आणि नवसागराचा वास आला. पुढे दशमान मापे सक्तीची झाली तरी अड्ड्यावर चाले ती नवटाक आणि पावशेरच. बेकायदा व्यवहाराला सरकारी माप कोण लावणार?

या शब्दांत सर्वांत लक्षणीय ‘आंटी’ होय. अड्ड्याला पाटी नसते. वांद्रे, माझगाव, धोबीतलाव या भागांत अनेक ख्रिस्ती स्त्रियांनी राहत्या घरातच दारू विकली. बाकडे, ग्लास, सोबत उकडलेले अंडे. गिऱ्हाईक घरात शिरे ते नात्याचे नाव घेऊन, आणि ते संबोधनच स्थळाचे नाव झाले : ‘आंटीकडे जाणे’. यात चेष्टा आहे, तशी उधारीवर जगणाऱ्याची आर्जवही आहे. पोटासाठी अटकेचा धोका पत्करणारी ही बाई पुढे हिंदी चित्रपटांनी केवळ विनोदाची केली, हे मला अन्यायाचे वाटते.

साठोत्तरी मराठी साहित्यात झोपडपट्टी व गिरणगाव आले, त्यांच्याबरोबर हे शब्दही आले. अनुवादकाची अडचण येथेच सुरू होते. ‘गुत्ता’साठी हिंदीत ‘ठेका’ सहज सुचतो. अर्थाचा प्रवासही तोच, कंत्राटाकडून दुकानाकडे; पण ठेका कायद्याच्या आत राहिला. तो शब्द योजताच पोलिसांच्या धाडीचे भय वाक्यातून निघून जाते. ‘भट्टी’ लिहावे, तर रायपूरच्या वाचकापुढे सरकारी दुकानासमोरची रांग उभी राहते.