नळात उरलेला वणवा

ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘टब्स’ नावाचा वणवा कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा शहरात घुसला आणि हजारो घरांची राख झाली. महिनाभरानं फाउंटनग्रोव्ह या टेकडीवरच्या वस्तीतून एका रहिवाशाची तक्रार आली, की नळाच्या पाण्याला वास येतोय आणि चवही विचित्र लागतेय. तपासणीत त्या पाण्यात बेंझिन सापडलं.

बेंझिन हा पेट्रोलमध्ये असणारा घटक. त्यामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात त्याचं प्रमाण एक अब्ज भागांत एका भागापेक्षा जास्त नको, असा कॅलिफोर्नियाचा नियम आहे. सांता रोझातल्या एका नमुन्यात ते ४० हजार भाग निघालं.

शहराच्या पाण्यात ते आलं कुठून? घरं जळतात तेव्हा आतले नळ फुटतात आणि हजारो ठिकाणांहून एकदम पाणी वाहू लागतं. अग्निशमन दलही त्याच जाळ्यातून पाणी उपसत असतं. टाक्या रिकाम्या होतात, पाइपांमधला दाब जातो आणि फुटक्या तोंडांतून धूर व काजळी आत ओढली जाते. दुसरीकडे पीव्हीसी, एचडीपीई अशा प्लास्टिकचे पाइप आचेनं तापतात. पर्ड्यू विद्यापीठातले अभियंते अँड्र्यू व्हेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पाइप प्रयोगशाळेत २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. पाइपांना ज्वाळा लागलेली नव्हती, तरी बहुतेकांतून नंतर बेंझिन पाण्यात उतरलं.

खरी अडचण पुढेच आहे. लोणचं ठेवलेला प्लास्टिकचा डबा कितीही घासला तरी वास सोडत नाही, तसंच हे पाइप बेंझिन शोषून घेतात आणि पुढे कित्येक महिने थोडंथोडं पाण्यात सोडत राहतात. नळ तासभर मोकळा सोडला की नमुना स्वच्छ येतो, पाणी पाइपात साचून राहिलं की पुन्हा दूषित होतं. म्हणून पाणी ७२ तास पाइपात तसंच ठेवून मग नमुना घ्यायची पद्धत पुढे आली.

सांता रोझात सुरुवातीचा अंदाज धडकी भरवणारा होता. त्या भागातलं सगळं जाळं उखडून नवं टाकायचं तर ४ कोटी ३० लाख डॉलर लागणार होते. पालिकेनं त्याऐवजी एकेक जोडणी तपासली, दूषित तेवढीच बदलली आणि बाकीच्या वाहिन्या पाणी सोडून धुतल्या. वर्षभरानं, कितीतरी कमी खर्चात, पाणी पिण्यायोग्य ठरलं.

दरम्यान, ८ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘कॅम्प’ वणव्यानं कॅलिफोर्नियातलंच पॅराडाइज हे डोंगरावरचं गाव जवळजवळ पुसून टाकलं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. सांता रोझाचा अनुभव ताजा असल्यामुळे इथे पाण्याची तपासणी लवकर सुरू झाली. काही नमुन्यांत बेंझिन दोन हजार भागांवर गेलं होतं. गावात नळजोडण्या सुमारे साडेदहा हजार. जळालेल्या घराच्या जोडणीतून पाणी मागे फिरलं, तर शेजारचं शाबूत घरही बाधित होणार. त्यामुळे रिकाम्या प्लॉटच्या जोडण्या बंद करून उरलेल्या एकेक करून तपासायच्या, हे काम दीर्घकाळ चाललं.

ज्यांची घरं वाचली होती, त्यांचे हाल वेगळेच. पाणी उकळून प्या, हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडतो, कारण बेंझिन ८० अंशांनाच उकळतं आणि त्याची वाफ थेट श्वासात जाते. पिण्या-रांधायला बाटलीतलं पाणी आणि अंघोळ कोमट पाण्यानं, झटपट, खिडकी उघडी ठेवून, अशा सूचना होत्या.

त्यानंतर २०२३ मध्ये हवाईतलं लहैना आणि २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वस्त्या जळाल्या. दोन्हीकडे ‘नळाचं पाणी पिऊ नका’ हा इशारा पहिल्या काही दिवसांतच देण्यात आला. पण इशारा हा निम्माच उपाय. प्रत्येक जोडणीवर पाणी मागे फिरू न देणारी झडप आणि दाब घसरताच जळता भाग तोडता येईल अशी मुख्य वाहिन्यांची रचना हवी, असं अभियंते सुचवतात. आपल्याकडच्या नव्या नळयोजनांतही एचडीपीईचे पाइप सर्रास असतात. जंगलाला खेटून वस्ती वाढवताना अग्निशमन बंबांबरोबर या झडपांचाही हिशेब मांडायला हवा.