पंखा फिरतोय, पडदा काळाच

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जळगावच्या घरातला संगणक बंद पडला. आदल्या रात्रीपर्यंत तो ठणठणीत होता. धाकट्याला लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायचं काम मिळालं, त्यासाठी त्यानं ग्राफिक्स कार्ड आणलं. कार्डाला वीज जास्त लागते म्हणून जुना एसएमपीएस काढून जास्त वॅटचा नवा बसवून घेतला. बसवणाऱ्या मुलानं बटण दाबलं. पंखे भणभणले, दिवे लागले आणि पडदा मात्र काळाच राहिला. दोन-चार वेळा इकडचं तिकडं करून तो म्हणाला, "काका, मदरबोर्ड गेला. नवा घ्यावा लागेल. विंडोज परत टाकताना सगळं फॉरमॅट होईल."

माझ्या पोटात गोळा आला, तो खर्चाचा नव्हता. त्या यंत्रात माझ्या कविता होत्या. त्या गेल्या असत्या तरी मराठी वाङ्मयाचं फार बिघडलं नसतं. पण त्यातच माझ्या अम्मीचा आवाज होता. ती जायच्या दोन वर्षं आधी मी तिच्याकडून जात्यावरची गाणी म्हणवून घेतली होती, निम्मी अहिराणी, निम्मी आमच्या घरच्या बोलीतली. ज्या मोबाईलवर ती घेतली तो पुढे हरवला. संगणकातली प्रत एवढीच काय ती राहिली होती.

धुळ्याला आमचे एक स्नेही आहेत. रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत हात काळे केलेले. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. रात्री नऊला त्यांना फोन लावला.

"काय झालं भो? पंखा फिरतो का?"

"अप्पा, इथं माझा जीव चाललाय आणि तुम्ही पंख्याचं विचारता?"

"आधी पंख्याचं सांगा भाई."

सगळी मेख त्या एका प्रश्नात होती. ती उलगडायची तर आधी एसएमपीएस काय करतो ते पाहावं लागेल.

एसएमपीएस म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय. दुकानात पूर्ण नाव कुणी घेत नाही. भिंतीतून येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी वीज. संगणकाच्या आतल्या अवयवांना ती सोसत नाही. त्यांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेनं वाहणारी. जुन्या रेडिओत हे काम लोखंडी ट्रान्सफॉर्मर करायचा, म्हणून तो रेडिओ उचलताना कमरेत कळ यायची. एसएमपीएस आधी वीज सरळ करतो आणि मग सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडतो. हा वेग वाढला की छोटासा ट्रान्सफॉर्मरही पुरतो.

जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमधून रंगीत वायरींचा जुडगा निघतो. पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची, काळ्या परतीच्या. जांभळीत संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट असतात. (हल्ली पुष्कळ एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्याच येतात, तेव्हा रंगावर विसंबू नका.) मला भावल्या त्या हिरवी आणि करडी. आपण बटण दाबलं की मदरबोर्ड हिरव्या वायरीतून एसएमपीएसला ‘सुरू हो’ म्हणून सांगतो. एसएमपीएस जागा होतो, सगळे व्होल्ट जागेवर आलेत का ते बघतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत करड्या वायरीतून ‘सर्व ठीक’ असा निरोप धाडतो. तो निरोप येईपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही. मुशायऱ्यात नाव पुकारल्याशिवाय शायर उठत नाही, तसंच.

म्हणून अप्पांचा पंख्याचा प्रश्न. पंखा अजिबात हलला नाही तर वीज आतच जात नाही: एसएमपीएसच्या पाठीवरचं बटण बंद असेल, कॉर्ड सैल असेल, किंवा कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर काम करताना निसटली असेल. पंखा एकदा थरथरून थांबला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. बोर्डाखाली पडलेला एखादा स्क्रूही तेवढं करू शकतो. आणि पंखा फिरतोय पण पडदा काळा, तर बोर्ड गेला असं म्हणण्याआधी पाहायच्या जागा बऱ्याच आहेत.

त्यातली पहिली जागा म्हणजे प्रोसेसरचा स्वतंत्र प्लग. २००० साली पेंटियम-४ आला तेव्हापासून प्रोसेसरची भूक इतकी वाढली, की त्याच्यासाठी १२ व्होल्टचा चार पिनांचा चौकोनी प्लग वेगळा द्यावा लागला. मोठा प्लगही पुढे २० पिनांचा होता तो २४ चा झाला. मोठा बसला की पंखे फिरतात, दिवे लागतात, माणसाला वाटतं काम झालं. पण छोटा राहिला तर प्रोसेसर उपाशीच, आणि उपाशी प्रोसेसर पडद्यावर काय दाखवणार?

"प्रोसेसरच्या शेजारी चौकोनी खाच रिकामी आहे का बघा," अप्पा म्हणाले. त्यांनी आधी कॉर्ड काढायला लावली, कॅबिनेटचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायला लावलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. धाकट्यानं टॉर्च मारला. खाच रिकामी! नव्या एसएमपीएसला चार पिनांचा प्लगच नव्हता, आठ पिनांचा होता. तो आमच्या बोर्डात बसेना म्हणून त्या मुलानं बाजूला बांधून ठेवलेला. "अरे बेटा, तो मधून दुभंगतो, चार अधिक चार," अप्पा फोनवर ओरडले. मात्र ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लगही लांबून असाच दिसतो. तो प्रोसेसरला जोर लावून बसवू नये.

एवढ्यानं भागलं नाही तर कार्ड काढून ठेवावं, रॅमची एकच पट्टी ठेवावी, मॉनिटरची वायर बोर्डाच्या मूळ जागी लावावी (बोर्डावर ती सोय असेल तर) आणि बघावं. कार्ड असताना मॉनिटर जुन्याच जागी जोडून काळ्या पडद्याकडे बघत बसणारे पुष्कळ आहेत. कार्डाला त्याचा स्वतःचा वीजप्लग दिलाय का, तेही पाहावं. नवा एसएमपीएसच सदोष निघणं हेही होतं. जुना परत लावून पाहिला की उलगडा होतो.

हार्डडिस्कचं मात्र नीट समजून घ्या. बोर्ड खरोखर गेला तरी डिस्कवरचा मजकूर त्याच्याबरोबर जात नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की बहुधा सगळं जसंच्या तसं मिळतं. फॉरमॅट करू म्हणणाऱ्याला आधी हे करायला लावा. डिस्कला खरा धोका वेगळाच आहे. काही एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघतात. एका कंपनीची वायर दुसरीच्या एसएमपीएसला बसते, पण आतली पिनांची मांडणी निराळी असते. पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले की डिस्क जळते. जुन्या एसएमपीएसबरोबर त्याच्या वायरीही काढून टाकाव्यात.

वॅटबद्दलही एक. डब्यावर ४५० छापलेलं असतं. बाजूचा कागद वाचा. १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिलं असेल तर बारा सोळे १९२. प्रोसेसर आणि कार्ड यांच्या वाट्याला एवढेच वॅट. आणि आपल्या खानदेशात अर्थिंग तपासा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो, जमीन कोरडी पडते, अर्थिंगचा खड्डा तहानलेला राहतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते नव्या एसएमपीएसचं खूळ नव्हे, बहुधा अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे.

त्या रात्री चौकोनी प्लग बसवला, बटण दाबलं. आधी कंपनीचं चिन्ह आलं, मग विंडोज. धाकट्यानं कार्डाचं काही बघायच्या आत मी त्याला उठवलं आणि अम्मीची गाणी पेनड्राईव्हवर घेतली. एक पेनड्राईव्ह धुळ्याला अप्पांकडे दिला. जुना एसएमपीएस माळ्यावर आहे. धाकट्याला तो उघडून बघायचाय, मी उघडू देत नाही. सरळ केलेली वीज आत सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चढते आणि कॉर्ड काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहते. अप्पा येतील तेव्हा उघडू म्हणालो.