नित्याच्या वर्तनातून माणुसकीचे शिक्षण

बहुतेक प्राथमिक शाळांत दिवसाचा प्रारंभ प्रार्थनेने होतो, फळ्यावर सुविचार लिहिला जातो आणि प्रसंगपरत्वे एखाद्या संताचे चरित्रही सांगितले जाते. हा परिपाठ योग्यच आहे. तथापि सकाळी सुविचार लिहिणारा मुलगाच मधल्या सुटीत लहानग्यांना ढकलून पाण्याच्या माठाशी पुढे घुसतो, असा अनुभव पुष्कळ शिक्षकांना येतो. यात दोष केवळ मुलाचा मानता येणार नाही. ऐकलेले मूल्य स्मरणात राहते, पाहिलेले मूल्य अंगवळणी पडते. म्हणून दया, समता, सेवा या गोष्टी मुलांना कशा दाखवाव्यात, हा शिक्षकापुढील खरा प्रश्न होय. पूज्य साने गुरुजींच्या जीवनात व लेखनात या प्रश्नाचे जे उत्तर सापडते, ते खेडेगावातील शिक्षकास विशेष उपयोगी पडण्यासारखे आहे.

अमळनेरचे वसतिगृह

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. परंतु केवळ चिंतनात त्यांचे मन रमले नाही. १९२४ साली त्यांनी तेथील हायस्कुलात शिक्षकाची नोकरी पत्करली आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. सत्यशोधनासाठी आलेला हा मनुष्य मुलांच्या खोल्यांत रमला, ही घटना अर्थपूर्ण आहे. अध्यात्म ग्रंथात जेवढे असते तेवढेच ते आजारी मुलाच्या उशाशीही असते, हे त्यांनी कृतीने सांगितले.

वसतिगृहातील मुले खोल्या अस्ताव्यस्त टाकून जात. गुरुजी त्यांच्या पाठीमागे खोल्या झाडीत, अंथरुणे नीट ठेवीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत. त्याबद्दल ते बोलून दाखवीत नसत. हे कोण करते हे कळल्यावर मुलांना आपोआप लाज वाटली आणि ती स्वतःच कामाला लागली. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही गुरुजी काढीत असत.

या पद्धतीचे मर्म समजून घेतले पाहिजे. नुसत्या आज्ञेने मूल काम करते, परंतु आज्ञा देणारा दूर होताच ते थांबते. शिक्षेने मूल भिते आणि लपविण्यास शिकते. आपल्यासाठी कोणी निरपेक्षपणे कष्टले, ही जाणीव मात्र मनात कायमची घर करते. मात्र अशा सेवेत उपकाराचा सूर येता कामा नये. ‘मी तुमच्यासाठी इतके करतो’ असे शिक्षकाने एकदा म्हटले, की सेवेचे रूपांतर मागणीत होते.

चूक कशी दाखवावी

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात अळणी भाजीचा प्रसंग आहे. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचे राहून जाते. घरातील माणसे ती भाजी निमूटपणे खातात, कारण दिवसभर राबणाऱ्या माउलीचे मन दुखावू नये अशी त्यांची इच्छा असते. मागाहून स्वतः जेवायला बसल्यावर आईला चूक कळते आणि तिला हळहळ वाटते. एका बाजूने समजूतदारपणा आणि दुसऱ्या बाजूने कामाविषयीची तळमळ, अशी या प्रसंगाची दोन अंगे आहेत.

शाळेत याचा विचार थोडा वेगळ्या रीतीने करावा लागतो. वाचनात किंवा हिशेबात झालेली चूक शिक्षकास दाखवून द्यावीच लागते. ती झाकणे म्हणजे मुलाचे नुकसान करणे होय. परंतु चूक केव्हा व कशी दाखवावी, हे शिक्षकाच्या हाती असते. चार मुलांच्या देखत केलेला उपहास मूल वर्षानुवर्षे विसरत नाही. जवळ बोलावून हलक्या आवाजात केलेली दुरुस्ती ते आनंदाने स्वीकारते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. कायद्याने जे आवश्यक ठरविले, ते प्रेमळ शिक्षक कायद्यावाचूनही पाळीत आले आहेत.

दयेकडून समतेकडे

त्याच पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका वृद्ध स्त्रीची मोळी वाटेत पडते. ती उचलून देण्यास कोणी पुढे येत नाही. आई श्यामला मदतीस जाण्यास सांगते. लोक नावे ठेवतील, या शंकेवर घरी येऊन स्नान करावे, असा मार्ग ती सुचविते. आईचे अंतःकरण करुणेने भरलेले आहे. पण रूढीची चौकट तिला पूर्णपणे मोडता आलेली नाही. तिच्या काळाच्या मानाने तिने एक पाऊल पुढे टाकले, एवढे निश्चित.

पुढची पावले मुलाने टाकली. पंढरपूरच्या विठ्ठलाची भक्ती चोखामेळ्याने आयुष्यभर केली; परंतु त्याला मंदिरात प्रवेश नव्हता आणि त्याची समाधीही महाद्वारासमोरच आहे. शतके लोटली तरी ही स्थिती बदलली नव्हती. हे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला. त्या प्रचाराने अनेक गावांतील विहिरी आणि देवळे सर्वांस मोकळी झाली. अखेर १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपूर येथे प्राणांतिक उपोषण आरंभिले. मंदिर खुले होण्याची निश्चिती झाल्यावर १० मे रोजी ते सुटले. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित केले.

मोळीपासून महाद्वारापर्यंतच्या या प्रवासात शिक्षकांनी ध्यानात घ्यावा असा विचार आहे. पडलेल्याला हात देणे ही दया होय. परंतु तो मनुष्य वारंवार का पडतो, त्याच्या वाटेत धोंडा कोणी ठेवला, हे विचारणे आणि तो धोंडा दूर करणे ही समता होय. दयेवाचून समता कोरडी राहते. समतेवाचून दया अपुरी पडते. संतांनी सर्वांभूती परमेश्वर पाहावा असे शिकविले. त्या शिकवणीची परीक्षा भजनाच्या वेळी होत नाही. पाणवठ्यावर आणि पंगतीत होते.

शाळेतील परीक्षेची स्थळे

शाळेतही अशी काही स्थळे असतात. शिक्षकाने आपल्या शाळेत पुढील गोष्टी स्वतः निरखून पाहाव्यात.

पहिले स्थळ पाण्याचे. माठातील पाणी ओगराळ्याने कोणीही घ्यावे, की ठरावीक मुलांनीच इतरांस वाढावे, हे न बोलता ठरून गेलेले असते. पाणी देण्याची पाळी पटावरील प्रत्येक मुलामुलीस क्रमाने यावी.

दुसरे स्थळ बैठकीचे. पोषण आहाराच्या पंगतीत किंवा बस्करपट्टीवर मुले आळीआळीप्रमाणे अथवा जातीप्रमाणे बसू लागली, तर त्याचा बोभाटा न करता जागा पाळीने बदलत्या ठेवाव्यात. शिक्षकाने स्वतः रोज वेगळ्या मुलाशेजारी जेवायला बसावे. व्याख्यानापेक्षा याचा परिणाम अधिक होतो.

तिसरे स्थळ झाडलोटीचे. केरसुणी नेहमी मुलींच्या किंवा विशिष्ट घरच्या मुलांच्याच हाती जात असेल, तर तेथे स्वच्छतेऐवजी विषमतेचे शिक्षण चालले आहे असे समजावे. पाळी सर्वांची असावी आणि आरंभ गुरुजींपासून व्हावा.

चौथे स्थळ हजेरीपटाचे. तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी कोणी चौकशीस गेले काय? ऊसतोडीस गेलेल्या आईबापांबरोबर मूल गाव सोडते आणि हंगाम संपल्यावर वर्गात परत येते. त्या वेळी ‘आता उगवलास काय?’ या शब्दांनी त्याचे स्वागत झाले, तर ते पुन्हा येईलच असे नाही. त्याची जागा राखून ठेवावी आणि मागे राहिलेला भाग समजावण्यास एक सोबती नेमून द्यावा.

पाचवे स्थळ मदतीचे. गरजू मुलांस वह्या किंवा गणवेश देताना त्यांची नावे सर्वांसमोर पुकारू नयेत. घेणाऱ्याची मान खाली घालावयास लावणारे दान मुलांना दातृत्वाऐवजी गर्व शिकविते. त्याचप्रमाणे दयाळू वर्तनासाठी बक्षिसे लावण्याचा मोहही टाळावा. बक्षिसासाठी केलेली सेवा बक्षिसाबरोबर संपते.

शिक्षकाची स्वतःची चूक

या सर्वांहून कठीण गोष्ट म्हणजे स्वतःची चूक कबूल करणे. शिक्षकही माणूस आहे. दोनतीन इयत्ता एकत्र सांभाळताना त्याचा तोल जातो, क्वचित निरपराध मुलास बोल लागतो. अशा वेळी दुसऱ्या दिवशी त्याच वर्गासमोर ‘काल माझे चुकले’ असे शिक्षकाने म्हटले, तर त्याचा मान कमी होत नाही. मोठ्यांनाही क्षमा मागता येते, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. आणि हा पाठ कोणत्याही पुस्तकातून देता येत नाही.

साने गुरुजींची शाळेतील नोकरी अवघी सहा वर्षांची. १९३० साली स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी त्यांनी ती सोडली. तरीही महाराष्ट्र त्यांना आज गुरुजी म्हणूनच ओळखतो. जग सुधारण्याचे काम फार मोठे वाटते आणि आडगावच्या शाळेतील शिक्षकास ते आपल्या आवाक्याबाहेरचे भासते. परंतु उद्याचा पाणवठा, उद्याची पंगत आणि उद्याची ग्रामसभा आज त्याच्यासमोर बस्करपट्टीवर बसलेली आहे. माठाशी धक्काबुक्की न करता मागच्या लहानग्यास पुढे जाऊ देणारे एक मूल तयार झाले, तरी त्या दिवसाचा परिपाठ पूर्ण झाला असे समजण्यास हरकत नाही.