थांबणारा झोत

नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत २०२३ पासून कॅन्सरवर प्रोटॉन उपचार मिळू लागले. रुग्णाला दिसते ते एक अरुंद टेबल आणि त्याच्यावर रोखलेलं नळकांडं. भिंतीमागे मात्र शंभर टनांहून जड, तीन मजली उंचीची गॅन्ट्री असते. ती टेबलाभोवती फिरून हव्या त्या कोनातून झोत सोडते. झोत तयार होतो सायक्लोट्रॉनमध्ये. तिथल्या प्रचंड चुंबकात प्रोटॉन गरगरत २३० एमईव्ही (मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेला पोचतात; म्हणजे प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाला.

नेहमीच्या रेडिएशनमधले एक्स-रे गाठ ओलांडून पलीकडे निघतात आणि वाटेतल्या निरोगी पेशींनाही भाजतात. प्रोटॉन वेगात असताना थोडीच ऊर्जा टाकतो, थांबता थांबता उरलेली सगळी एकदम देतो. त्यापुढे जवळपास काहीच जात नाही. ७० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात चारेक सेंटीमीटरवर थांबतो, २३०चा तीसहून अधिक. ऊर्जा बदलत गाठ थराथराने भरून काढायची, ही आजची पद्धत.

प्रोटॉनचा हा उपयोग भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवला. आधी ते अणुबॉम्ब प्रकल्पात होते. पहिला रुग्ण बर्कलीला १९५४ मध्ये. पण गॅन्ट्रीसह असं यंत्र रुग्णालयात यायला १९९० उजाडलं, कॅलिफोर्नियात लोमा लिंडाला. भारतात पहिलं केंद्र चेन्नईच्या अपोलोचं, २०१९ मधलं.

प्रत्यक्ष झोत मिनिट-दोन मिनिटांचा. वेळ जातो रुग्णाला नेमकं बसवण्यात. डोक्याच्या गाठीसाठी चेहऱ्यावर जाळीदार प्लास्टिकचा मुखवटा गरम करून बेतलेला असतो, तो टेबलाला घट्ट अडकवतात. लहान मुलांना बहुधा भूल द्यावी लागते. एवढी काटेकोरी हवीच, कारण थांबण्याची जागा चुकली तर गाठीचा काठ सुटतो किंवा शेजारचा मज्जारज्जू सापडतो. श्वासागणिक हलणारी फुफ्फुसातली गाठ म्हणूनच जास्त त्रासाची.

यंत्र महागडं आहे म्हणून ते प्रत्येक कॅन्सरला सरस ठरत नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर अमेरिकेत झालेल्या तुलनात्मक चाचणीत आधुनिक एक्स-रे उपचार आणि प्रोटॉन यांत रुग्णांच्या त्रासात फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०२४ मध्ये मांडले गेले. मेंदू आणि कणा दोन्हींवर रेडिएशन घ्यावं लागणाऱ्या मुलाचं गणित वेगळं. कण्यापुढचं हृदय, थायरॉइड, आतडी वाचली, तर त्याचा लाभ पुढे कित्येक दशकं मिळायचा. खोल्या मोजक्या आणि रांग मोठी असताना आधी कोणाला घ्यायचं, याचं उत्तर म्हणूनच ऐपतीवर नव्हे, गाठीच्या जागेवर आणि रुग्णाच्या वयावर ठरायला हवं.