मीटरचं शून्य

विहिरीवरच्या पेटीचं झाकण उघडलं की बहुतेकांचा हात थेट स्टार्टरकडे जातो. आमच्या तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे मिस्त्री मात्र आधी आपल्या मल्टिमीटरच्या खालच्या बाजूला बघतात. लाल वायर कुठल्या भोकात खोचलेली आहे? काळी कुठे आहे? मग दोन्ही वायरींवरून अंगठा फिरवतात. कुठे चीर गेली आहे का, टोकापाशी वाकून वाकून आतली तार तुटली आहे का, हे त्या अंगठ्याला कळतं. नॉबची पाळी त्यानंतर येते. या सगळ्याला अर्धं मिनिट लागतं आणि तेवढ्या वेळात शेतकरी हमखास म्हणतो, "मिस्त्री, बघा की लवकर, लाइट जाईल."

एकदा उसाची पाच हॉर्सपॉवरची मोटार होती. बटण दाबलं की नुसती गुरगुरायची, पाणी उचलत नव्हती. तिन्ही फेज हव्यात तिथे दोनच मिळत असणार, हे मिस्त्रींना आवाजावरूनच कळलं होतं. आता बोर्डात बघायचं होतं. त्यांनी काळ्या वायरीला मगरीचा चिमटा लावून तो न्यूट्रलला अडकवला, मीटर पेटीच्या दाराला टांगला आणि लाल प्रोब एकाच हाताने धरला. दुसरा हात पाठीमागे. दोन्ही हात पेटीत असले आणि काही बिघडलं, तर करंट एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीतून जातो. पाठीमागचा हात ही वाटच बंद करतो.

फ्यूजच्या वरच्या बाजूला तिन्ही फेज न्यूट्रलशी २३५च्या आसपास, आपापसांत ४०८ ते ४१२. खालच्या बाजूला दोन फेज ठीक. तिसऱ्यावर मात्र मीटर तीस-पस्तीस व्होल्ट दाखवू लागला. आकडा स्थिरही नव्हता. आयटीआय करून नुकताच त्यांच्या हाताखाली आलेला मुलगा म्हणाला, "काका, करंट थोडा येतोय."

"येत नाहीये," मिस्त्री म्हणाले. "शेजारच्या दोन वायरींचा वास लागलाय तिला." त्यांनी टेस्ट लॅम्पची दोन टोकं त्या फेजवर आणि न्यूट्रलवर धरून पुन्हा मोजलं. आकडा शून्यावर आला.

व्होल्ट मोजताना डिजिटल मीटरचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. एवढा रोध असला की मीटर लाइनमधून जवळजवळ काहीच ओढत नाही. म्हणूनच नाजूक सर्किटमध्येही तो अचूक आकडा देतो, आणि म्हणूनच कुठेही न जोडलेल्या तारेत शेजारच्या चालू तारांमुळे उमटलेलं फसवं व्होल्टेजही दाखवतो. दिव्यासारखा खराखुरा लोड लावला की ते कोसळतं. जुन्या काट्याच्या मीटरमध्ये हा प्रश्न फारसा येत नसे, कारण एसी मोजताना तो काटा हलवायला लाइनमधून थोडा जास्त करंट घ्यायचा. मिस्त्रींच्या दुकानात असा एक मीटर अजून भिंतीवर आहे, नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीचा. एका पेटीत अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायची ही कल्पना ब्रिटिश टपाल खात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी या इंजिनिअरची. त्याचा ॲव्होमीटर १९२३ साली बाजारात आला. काटा गेला, आकडे आले, पण मीटरच्या आत लाइन कुठून जाते हे लक्षात ठेवण्याची गरज तेवढीच राहिली.

फसवं व्होल्टेज फार तर वेळ खातं. जीव घेतं ते खोटं शून्य.

किटकॅट फ्यूजची तार बदलायची होती आणि स्टार्टरकडे जाणाऱ्या वायरीचं जळालेलं टोकही कापायचं होतं. मिस्त्रींनी मेन स्विच खाली ओढला, तिन्ही किटकॅट काढून खिशात घातले. खिशात अशासाठी, की बांधावरून येणाऱ्या कुणी "निघालेत वाटतं" म्हणून ते परत बसवू नयेत. मग मोजणी. आधी जिथे सप्लाय नक्की आहे त्या वरच्या टर्मिनलवर: ४१०. मग खालच्या बाजूला, तिन्ही फेज आपापसांत, मग प्रत्येक फेज न्यूट्रलशी आणि अर्थिंगशी: शून्य. मग पुन्हा वर: ४१०. ही शेवटची मोजणी त्या मुलाला अनावश्यक वाटली असावी. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच आहे. मधल्या वेळात वायर आत तुटली, नॉब सरकला, मीटरचा सेल उतरला, तरी पडद्यावर शून्य दिसू शकतं. वर पुन्हा ४१० आलं, म्हणजे मीटर तेव्हा जिवंत होता आणि त्याचं शून्य खरं होतं.

महाराष्ट्रातल्या शेतात या शेवटच्या मोजणीला आणखी एक कारण आहे. शेतीला थ्री फेज ठरलेल्या तासांपुरतीच मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. लाइट गेलेली असतानाही मीटर शून्यच दाखवतो. त्या शून्यावर विसंबून माणूस पेटीत हात घालतो आणि लाइट येते. त्यात अनेक स्टार्टरना ऑटो बसवलेला असतो, म्हणजे सप्लाय आला की मोटार आपोआप सुरू. काही ठिकाणी तर शेतकरी घरी बसून मोबाइलवरून मोटार चालू करतो, विहिरीवर कोण काम करतंय याची त्याला कल्पनाही नसते. वर ४१० असताना खाली शून्य येत असेल, तरच स्विच खरोखर तुटला आहे असं म्हणता येतं.

दोन फेजवर मोटार ओढण्यासाठी बसवलेले कंडेन्सर ही याच पेटीतली दुसरी खोड. सप्लाय बंद झाला तरी त्यांच्यात चार्ज राहू शकतो, आणि तो डीसी असतो. मीटर एसीवर असेल तर तो शून्याजवळचा आकडा दाखवेल. मिस्त्री नॉब डीसीवर फिरवून पुन्हा बघतात, चार्ज असला तर रेझिस्टर लावून तो उतरवतात आणि परत मोजतात. ओहम किंवा बझर लावायचा तो त्यानंतरच. चालू लाइनवर ओहम लावणं म्हणजे मीटर स्वतःच्या सेलवर जे मोजायला बसला आहे, त्याच्यात बाहेरून चारशे व्होल्ट घुसवणं.

आता सुरुवातीचं ते लाल वायरीचं भोक. व्होल्ट मोजताना लाइन एक कोटी ओहममधून जाते. दहा अँपिअरच्या भोकातून गेली, तर आत फक्त जाड तारेचा एक तुकडा असतो, रोध ओहमच्या शंभराव्या भागाइतका. अँपिअर मोजायला तो तसाच हवा. पण ट्रॅक्टरच्या दिव्याचा करंट मोजून झाला, लाल वायर तिथेच राहिली आणि तोच मीटर उचलून कुणी दोन फेजवर ठेवला, की ते मोजमाप राहत नाही, शॉर्टसर्किट होतं. नॉब व्होल्टवर फिरवल्याने काही वाचत नाही, कारण बऱ्याच मीटरमध्ये ते भोक नॉबला विचारतच नाही. डीपीजवळ अशा शॉर्टमधून हजारो अँपिअर वाहू शकतात. स्वस्त मीटरमध्ये त्या वाटेवर फ्यूज नसतोच आणि तसं भोकाशेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलंही असतं. काहींमध्ये काचेचा छोटा फ्यूज असतो. त्यातली तार वितळली तरी आत ठिणगीची कमान पेटती राहते आणि काच फुटते. चांगल्या मीटरमधला फ्यूज चिनी मातीचा, आत वाळू भरलेला असतो. ती वाळू ठिणगीची उष्णता पिऊन ती विझवते. असा फ्यूज उडाला की तो महाग पडतो म्हणून काचेचा बसवणारे पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका.

पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन-चारशे रुपयांत मीटर मिळतो आणि टेबलावर सेल, चार्जर, रेडिओ तपासायला तो पुरेसाही असतो. विहिरीवरची पेटी हे त्याचं काम नव्हे. मीटरवर आणि वायरींवरही कॅट टू, कॅट थ्री, कॅट फोर असं लिहिलेलं असतं. आयईसी ६१०१० या मानकातले हे वर्ग आहेत. प्लगवरच्या उपकरणांना टू, इमारतीतल्या बोर्डांना थ्री, खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस लाइनला फोर. सहाशे व्होल्टच्या कॅट टू मीटरने ४००० व्होल्टचा क्षणिक झटका सोसला पाहिजे, थ्रीने ६०००, फोरने ८०००. वळवाच्या पावसात लांब कुठे वीज पडली, तरी लाइनवर असे झटके येतात. मीटर चांगला आणि वायरी फुटपाथवरच्या, अशी जोडी असेल तर वर्ग वायरींचा धरायचा.

परतताना शेजारच्या रानात सौर पंपासाठी थांबलो. असे पंप आता गावोगाव दिसतात, आणि इथे मिस्त्री जास्तच सावध होते. एकेक पॅनेल चाळीस-पन्नास व्होल्टचं, पण दहा ओळीने जोडली की चारशेच्या वर डीसी होतं. एसीचा करंट सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती संधी नाही. चालू पंपाचा कनेक्टर ओढला, तर ठिणगी लांबत जाते. म्हणून आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर, मग डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने तारेत करंट नाही याची खात्री, आणि त्यानंतरच कनेक्टर. आयसोलेटरच्या अलीकडे, पॅनेलच्या बाजूला, व्होल्टेज तरीही असतंच.

आभाळ भरून आलं होतं. मालक म्हणाले, "ऊनच नाही मिस्त्री, आता काय असणार त्यात? काढू का वायर?"

मिस्त्रींनी त्यांना थांबवलं. नॉब डीसीवर नेला, लाल वायरीचं भोक पुन्हा पाहिलं आणि प्रोब लावून पडदा मालकांकडे वळवला. त्यावर ३९६ होते.