मोजलेली वीज, वाचलेली वीज

विद्यापीठाचा परिसर हे एक छोटेसे नगरच असते. वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृहे आणि भोजनगृहे यांमध्ये रोज शेकडो, कधी हजारो माणसांचा वावर असतो. तेथे वीज जळते, पाणी वाहते, अन्न शिजते आणि कचराही साचतो. म्हणूनच एक प्रश्न सहजपणे उपस्थित होतो. जी संस्था वर्गात पर्यावरणरक्षणाचे धडे देते, तिचे स्वतःचे वर्तन त्या धड्यांना धरून आहे काय?

हा प्रश्न गेल्या काही दशकांत जगभर विचारला जाऊ लागला. संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली ‘शाश्वत विकास’ ही संकल्पना जगापुढे ठळकपणे मांडली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, परंतु तसे करताना पुढील पिढ्यांच्या वाट्याचे हिरावून घेऊ नये, हे या संकल्पनेचे सार होय. १९९० मध्ये फ्रान्समधील तालवार या गावी काही विद्यापीठांचे प्रमुख एकत्र आले आणि पर्यावरणविषयक जबाबदारी स्वीकारणारा एक जाहीरनामा त्यांनी प्रसृत केला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली शिक्षणाच्या सर्व स्तरांवर पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्यासंबंधी निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला.

परंतु माहिती असणे आणि त्याप्रमाणे वागणे यांत बरेच अंतर असते. वसतिगृहातील विद्यार्थ्याचेच उदाहरण घेऊ. वीज जपून वापरावी, हे त्याला ठाऊक असते. तथापि त्याच्या नावाने वीजबिल येत नाही. विजेचा मीटर इमारतीच्या एखाद्या कोपऱ्यात बंद पेटीत असतो. रिकाम्या खोलीत दिवा जळत राहिला, तरी त्याचा परिणाम त्याला कोठेच दिसत नाही. जो खर्च दिसत नाही, त्याची काळजी वाटणे कठीण असते. यावर काही उपाय आहे काय?

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ओबर्लिन महाविद्यालयात या प्रश्नाचे एक उद्बोधक उत्तर शोधले गेले. तेथील पर्यावरण-अभ्यास विभागाचे प्राध्यापक डेव्हिड ऑर यांनी असा विचार मांडला होता, की इमारतीसुद्धा विद्यार्थ्यांना शिकवत असतात. वीज आणि पाणी यांची उधळपट्टी करणारी वास्तू न बोलता उधळपट्टीचाच पाठ देते. या विचारातून विभागासाठी नवी वास्तू उभारण्याचे ठरले. तिच्या आराखड्याच्या चर्चेत प्राध्यापक आणि वास्तुतज्ज्ञ यांच्याबरोबर विद्यार्थीही सहभागी झाले. २००० साली ही इमारत वापरात आली. तिच्या छपरावर सौरपट्ट्या बसवण्यात आल्या. वापरलेले पाणी टाक्यांमधील सूक्ष्मजीव आणि वनस्पती यांच्या साहाय्याने शुद्ध करून स्वच्छतागृहांसाठी पुन्हा वापरण्याची सोयही तिच्यात केलेली होती.

पुढचे पाऊल वसतिगृहांकडे वळले. २००५ साली ओबर्लिनमध्ये दोन आठवड्यांची एक स्पर्धा घेण्यात आली. जे वसतिगृह वीज आणि पाणी यांचा वापर सर्वांत अधिक प्रमाणात कमी करील, ते विजयी ठरणार होते. दोन वसतिगृहांत वापराची नोंद आपोआप घेणारी यंत्रणा बसवली होती. या क्षणी किती वीज खर्च होत आहे, हे तेथील विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर आलेखाच्या रूपाने पाहता येई. इतर वसतिगृहांतील मीटरची नोंद मात्र आठवड्यातून एकदाच घेतली जाई. ही यंत्रणा विकसित करण्यात विद्यार्थ्यांचाही मोठा वाटा होता.

या प्रयोगाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. स्पर्धेपूर्वीच्या वापराशी तुलना करता वसतिगृहांचा एकूण वीजवापर ३२ टक्क्यांनी घटला होता. सुमारे ६८,३०० युनिट वीज वाचली आणि त्यामुळे सुमारे ६७ टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात जाण्याचे टळले. त्याहूनही लक्षणीय गोष्ट पुढे आहे. ज्यांना खर्च क्षणोक्षणी दिसत होता, त्या वसतिगृहांनी वापर ५५ टक्क्यांनी कमी केला. इतरांची घट ३१ टक्के होती. पाण्याचा वापर मात्र केवळ ३ टक्क्यांनीच कमी झाला. उत्साह तोच असला, तरी सर्व सवयी सारख्याच सहजतेने बदलत नाहीत, हेही यावरून स्पष्ट झाले.

या प्रयोगाच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. दोन आठवड्यांची चुरस वर्षभर टिकेलच असे नाही. शिवाय विद्यार्थी हा परिसरातील पाहुणा असतो. तीन-चार वर्षांत तो निघून जातो आणि त्याच्या जागी नवा येतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या उत्साहाला संस्थेच्या कायम व्यवस्थेची जोड मिळणे आवश्यक ठरते. मीटर बसवणे, जुनी उपकरणे बदलणे, सौरऊर्जेची सोय करणे, हे निर्णय संस्थेलाच घ्यावे लागतात. दिवा मालवण्याचा निर्णय मात्र प्रत्येकाचा असतो. यांपैकी एक बाजू दुबळी राहिली, तर दुसरीचे श्रम वाया जातात.

मुक्त विद्यालयातून शिक्षण घेणाऱ्या आपल्यासारख्या अनेकांना ना वसतिगृह असते, ना विस्तीर्ण परिसर. कोणी नोकरी सांभाळून शिकतो, कोणी घरकाम उरकून. तरीही हा प्रयोग आपल्याला करता येण्याजोगा आहे. त्यासाठी थोडे गणित पुरते. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. म्हणजेच १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा दहा तासांत जेवढी वीज घेतो, तेवढ्याच विजेवर १० वॅटचा एल.ई.डी. दिवा शंभर तास जळू शकतो. एक आठवडा रोज ठरावीक वेळी घरातील मीटरचा आकडा वहीत टिपावा. दुसऱ्या आठवड्यात घरातील सर्वांना ती वही दाखवून विजेचा वापर विचारपूर्वक करावा आणि दोन्ही आठवड्यांच्या आकड्यांची तुलना करावी.

पर्यावरणरक्षणाचे कार्य मोठ्या घोषणांनीच सुरू होते असे नाही. आपण किती वापरतो, हे प्रामाणिकपणे मोजण्यापासूनही त्याचा आरंभ होऊ शकतो. ओबर्लिनच्या विद्यार्थ्यांनी तो आपल्या राहत्या इमारतीपासून केला. आपल्याला तो आपल्या घरातील मीटरपासून करता येईल.