व्यायामजन्य दमा : स्वरूप आणि शिक्षकांची भूमिका

प्रस्तावना :
पोलीस भरतीच्या तयारीसाठी आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी पहाटे मैदानावर धावतात. एखादा विद्यार्थी धावून थांबल्यावर खोकू लागला, की 'स्टॅमिना कमी आहे' असा शेरा मारून त्याला आणखी एक फेरी दिली जाते. हा शेरा प्रत्येक वेळी खरा नसतो. यामागे असू शकणाऱ्या व्यायामजन्य दम्याचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कारणमीमांसा :
नाकाने घेतलेली हवा उबदार व ओलसर होऊन फुप्फुसांत जाते. वेगाने धावताना मात्र तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि थंड, कोरडी हवा मोठ्या प्रमाणात थेट श्वासनलिकांत शिरते. नलिकांच्या आतील ओलावा उडून जातो, तेथील पेशींतून हिस्टामिनसारखी द्रव्ये स्रवतात व नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात. धूळ व धुरामुळे त्रास वाढतो. दमा असलेल्या बहुतेकांना हा त्रास संभवतो. परंतु एरवी दमा नसलेल्या खेळाडूंमध्येही तो आढळतो.

लक्षणे व निदान :
साधी धाप विश्रांतीने लवकर ओसरते. या विकारात याउलट घडते. सुमारे ५ ते ८ मिनिटांच्या जोरकस व्यायामानंतर, म्हणजे भरतीतील १६०० मीटर धावण्याइतक्या श्रमानंतर, खोकला, घरघर व छाती आवळणे सुरू होते. थांबल्यानंतर ५ ते १० मिनिटांत त्रास सर्वाधिक असतो आणि तो पूर्ण ओसरण्यास अर्धा ते एक तास लागू शकतो. व्यायामापूर्वी व नंतर स्पायरोमेट्री करून, पहिल्या सेकंदात सोडलेल्या हवेचे प्रमाण १० टक्के वा अधिक घटल्यास निदान होते.

उपाययोजना :
१) धावण्यापूर्वी १० ते १५ मिनिटे वॉर्म-अप करावा.
२) थंडीत नाक-तोंडावर रुमाल बांधावा.
३) डॉक्टरांनी सांगितलेला इन्हेलर जवळ बाळगावा, 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज आहे.
४) त्रास होताच थांबवून बसवावे, इन्हेलर द्यावा, आराम न पडल्यास तात्काळ रुग्णालयात न्यावे.

स्पर्धकांनी औषधांचे नियमही जाणून घ्यावेत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जलतरणपटू रिक डीमाँट याचे सुवर्णपदक दम्याच्या औषधातील एफेड्रिनमुळे काढून घेण्यात आले होते.

निष्कर्ष :
१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना हा विकार होता. त्यांनी ४१ पदके मिळविली. यावरून हा विकार मैदान सोडण्याचे कारण ठरत नाही, हे स्पष्ट होते. मात्र तो वेळीच ओळखला जाणे आवश्यक आहे. म्हणून विद्यार्थ्याला पुढची फेरी देण्यापूर्वी, 'त्रास धावताना होतो की थांबल्यावर?' एवढा प्रश्न शिक्षकाने अवश्य विचारावा.